मोटार झाली की येतो

मी एक जुनी मोटार बोलतेय. आधीच सांगून टाकते, मला फारसं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं की नाही, तेही आता नीट आठवत नाही. तेव्हा माझी कहाणी ऐकताना डोळे पुसायची तयारी ठेवू नका. तुम्हाला वेळ असेल तर बसा, एवढंच.

जन्म माझा इंग्लंडातला, पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हाचा. एका लांबलचक शेडमध्ये माझ्यासारख्या पुष्कळ जणी ओळीनं उभ्या होत्या. कोणाला रंग लागत होता, कोणाला चाकं. मला काळा रंग आला. मग लाकडी पेटाऱ्यात घालून जहाजावर चढवलं, मुंबईला उतरवलं, तिथून दमणला नेलं आणि दमणहून सिल्वासात आणलं. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पेटाऱ्यातून काही दिसत नव्हतं.

तेव्हा इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. माझा पहिला मालक जंगलखात्याचा साहेब होता. सागाच्या रानात हिंडायला त्याला मी लागायची. रस्ते कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्याच. राखोलीला दमणगंगा उतरून जाताना पाणी माझ्या फूटबोर्डापर्यंत यायचं, आणि साहेब तोंडातली चिरूट न काढता मला पाण्यात घालायचा. पलीकडे नीट निघाले की बॉनेटवर थाप मारायचा. मध्येच बंद पडले की त्याच जागी बुक्की मारायचा. माणसांची ही सवय पुढे मी खूप पाहिली. हात तोच, जागाही तीच.

तो साहेब गेला, दुसरा आला, मग तिसरा. तिसऱ्याला मी नको होते, त्याला जीप हवी होती. ती आली तशी मला शेडमध्ये लोटलं. चौपन्न साली राज्यच गेलं. ज्याला जे उचलता आलं ते त्यानं उचललं. मला कुणी हातही लावला नाही. पळून जाणाऱ्या माणसालाही मी नकोशी होते, यावरून काय ते समजा.

नवं राज्य आलं, नवी कचेरी आली. कुणीतरी माझ्या दारावर पांढऱ्या रंगानं आकडा घातला आणि आमलीतल्या बांधकामाच्या स्टोअरमध्ये मला आणून ठेवलं. एका बाजूला सिमेंटची पोती, दुसऱ्या बाजूला तुटक्या खुर्च्या. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. स्टोअरकीपर गजानन ती अंडी घरी न्यायचा. हा खानदेशातला माणूस, तोंडानं सैल, मनानं बरा. कुणी पाहुणा आला की मला दाखवायचा, "ही पाहा, फिरंग्याची मोटार." पाहुणे म्हणायचे, "वा, काय मोटार होती." आणि चहा प्यायला जायचे. त्या 'होती'चीही मला सवय झाली.

एकसष्टनंतर इथं मुंबईची आणि कोकणातली बरीच माणसं आली. कचेरीत कारकून, शाळेत मास्तर. सगळी वर्षभराच्या बोलीवर आलेली. दुपारी स्टोअरच्या सावलीत माझ्या मडगार्डाला टेकून ती गप्पा मारायची, म्हणून मला त्यांची रीत ठाऊक. डोकमर्डीच्या क्वार्टर्समध्ये कुणी टेबल घेत नसे. गजाननकडून सिमेंटचं नाहीतर खिळ्यांचं रिकामं खोकं न्यायचं आणि त्यावर स्टोव्ह ठेवायचा. परसात कुणी कढीपत्त्याचं रोप लावत नसे. लावून करायचं काय, तो वाढेपर्यंत आपण थोडेच असणार इथं? दर वर्षी मार्च आला की बदलीची बोलणी सुरू व्हायची, जून आला की मुदतवाढ यायची आणि मंडळी सही करायची. सही करताना कुणी कुणाचा हात धरलेला मी तरी ऐकला नाही.

त्यांच्यातलेच एक जयवंतराव. कचेरीत हेडक्लार्क. मुंबईच्या सचिवालयातून आलेले, मूळचे चिपळूणचे. त्यांची बायको नलिनीबाई इथल्या शाळेत शिकवायची. ही दोघं आली तेव्हा त्यांची मुलगी रजनी पहिलीत होती. तिला त्यांनी चिपळूणला मोठ्या भावाकडे, विश्वनाथरावांकडे ठेवलं. वर्षभराचा तर प्रश्न, पोरीची शाळा मधेच कशाला मोडायची, असा सरळ हिशेब होता. आता ती पाचवीत होती. सुट्टीत आठ दिवस ही दोघं तिकडे जाऊन यायची. हे सगळं मला गप्पांतूनच कळलेलं. जयवंतराव स्वतः फार बोलत नसत.

पासष्ट सालच्या हिवाळ्यात कचेरीत ठरलं की स्टोअरमधलं जुनं सामान काढून टाकायचं. कुणा कर्मचाऱ्याला काही हवं असेल तर त्यानं अर्ज करावा, उरलेलं वापीच्या भंगारवाल्याला जाईल. उरलेल्यात मी होते. भंगारवाला येऊन मला बघून गेला. त्याच्या माणसानं कुठं कापायचं ते खडूनं आखूनही ठेवलं. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. ज्या गोष्टीचा उपयोग होत नाही ती कापतात, यात नवीन काय?

एका रविवारी जयवंतराव एकटेच आले. गजाननला म्हणाले, "जरा बघतो." त्यांनी कोंबडी उठवली, अंडी बाजूला ठेवली आणि पुढच्या सीटवर बसले. बराच वेळ बसले. स्टिअरिंगवर हात ठेवला, पण फिरवलं नाही. मी आजवर पाहिलेल्या माणसांपैकी कुणीच माझ्यात इतका वेळ काही न करता बसलं नव्हतं. त्यांनाही फारसं काही वाटत नसावं. तेवढ्यापुरतं आमचं जमलं.

मग ते दर रविवारी यायला लागले. बरोबर एक पाना आणि जुनं धोतर फाडून केलेल्या चिंध्या. एकदा कार्बोरेटर उघडला, त्यातली मुंग्यांची माती काढली, पुसला आणि परत बसवला. एकदा फक्त दिवे पुसले. त्यांच्या शर्टाला वंगण लागलं तेव्हा ते त्या डागाकडे बघून किंचित हसले. गजानन म्हणाला, "साहेब, घेऊनच टाका ना. इथं तरी काय आहे दुसरं करायला?"

"बघू," जयवंतराव म्हणाले.

हा शब्द या मंडळींचा फार लाडका. बदलीचं काय? बघू. घराला पडदे? बघू. पोरीला कधी आणायची? बघू.

घ्यावी की न घ्यावी, यावर त्यांचे दोन-तीन महिने गेले. कधी येताना ठरवून आल्यासारखे दिसायचे आणि जाताना तसेच जायचे. शेवटी त्यांनी वापीहून ठाकोरभाई मिस्त्रींना बोलावलं, आणि त्याच रविवारी नलिनीबाईंनाही आणलं. "तू एकदा बघ तर खरी," असं म्हणत ते त्यांना दारातून आत घेऊन आले. नलिनीबाईंनी रुमालानं मागची सीट झटकली आणि बसल्या. बारीक चणीच्या, हातात शाळेची पिशवी. मला वाटतं त्या दिवशी त्यांचं मन बरं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, हिच्यात बसून फोटो काढला पाहिजे एक."

ठाकोरभाईंनी बॉनेट उघडलं. माझ्या पुढून हँडल घालून फिरवायला गेले, ते जागचं हललं नाही. खाली वाकून बघितलं, दाराचं लाकूड नखानं उकरून बघितलं. मग उभे राहून हात पुसत म्हणाले, "जुओ साहेब, लोखंड सारू छे. पण एन्जिन जाम झालेलं. पिस्टन सोडवायला लागेल, रेडिएटर मुंबईत जुन्या बाजारात शोधायला लागेल, लाकूड तर बधूं, सगळंच नवीन. तुम्ही रविवार-रविवार करणार ना?"

"हो."

"तो मग तीन वरस धरा."

"तीन वर्षं," जयवंतराव म्हणाले. "चालतील."

"पछी म्हणू नका की मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं."

"नाही नाही. मला घाई नाही. तीन काय, साडेतीन लागले तरी चालतील."

नलिनीबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"अगं, तीन वर्षं लागतील म्हणतायत. जुनं काम आहे, एकदम थोडंच होणार?"

"ते ऐकलं. तुम्ही काय म्हणालात?"

नलिनीबाईंनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. आवाज चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावं तितकाच होता.

"मागच्या जूनला मी म्हटलं, रजनीला आणू या. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत ऑर्डर येतेय, कशाला तिचं वर्ष मोडायचं. त्याच्या आधीच्या जूनलाही हेच म्हणालात. त्याच्याही आधी. मी पण ऐकलं. मलाही वाटायचं, आता जाऊच आपण. आणि आज मिस्त्री तीन वर्षं म्हणाले तर तुम्ही लगेच चालतील म्हणालात. पोरीसाठी तुम्हाला इथं सहा महिने कधी दिसले नाहीत. हिच्यासाठी तीन वर्षं दिसली."

ठाकोरभाई बाहेर जाऊन विडी ओढू लागले. गजानन पोती मोजायला लागला, जी त्यानं सकाळीच मोजली होती. जयवंतराव माझ्या मडगार्डावर हात ठेवून उभे होते. त्या हातात जोर नव्हता, काहीच नव्हतं. नुसता ठेवलेला होता.

मला तेव्हा एवढंच कळलं की आपला सौदा मोडला. खडूच्या रेघा अंगावर होत्याच.

त्या मे महिन्यात जयवंतराव चिपळूणला जाऊन रजनीला घेऊन आले. कायमची आणायची, जूनमध्ये इथल्या शाळेत नाव घालायचं, असं ठरवून. आल्यावर चार-पाच दिवसांनी दोघंही तिला मला दाखवायला घेऊन आली. उंच झालेली पोर, दोन घट्ट वेण्या, स्वभावानं गोड. गजाननलासुद्धा तिनं वाकून नमस्कार केला. विश्वनाथरावांच्या घरचं वळण चांगलं असणार.

जयवंतरावांनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायला हात पुढे केले, पण ती आपली आपणच चढली. स्टिअरिंग धरलं, तोंडानं घर्र घर्र केलं. रबरी भोंगा दाबला, तो फुस्स झाला, तशी खुदकन हसली. नलिनीबाईही हसल्या. हसताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कुठं निघाली मोटार?" जयवंतरावांनी विचारलं.

"घरी."

"म्हणजे डोकमर्डीला?"

"नाही हो. चिपळूणला. आमच्या माऊला आता पिल्लं झाली असतील. काकी म्हणाली, तू येईपर्यंत डोळे उघडतील."

नलिनीबाईंचं हसू राहिलं होतं तिथंच राहिलं.

"आणि मग आम्ही गं?" जयवंतराव म्हणाले.

रजनीनं विचार केला. तिला कुणाला दुखवायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. मग तिला सुचलं. "तुम्ही सोडायला या ना," ती म्हणाली. "मागे खूप जागा आहे. दोघं बसाल."

नलिनीबाई खरंच मागचं दार उघडून बसल्या. जयवंतराव खाली उभे राहिले. रजनीनं पुन्हा घर्र घर्र सुरू केलं आणि बराच वेळ आम्ही तिघी जागच्या जागी चाललो होतो.

जून लागायच्या आत नलिनीबाईंनी शाळेला राजीनामा दिला. तेही मला स्टोअरमध्येच कळलं. सामान भरायला मोठं खोकं हवं म्हणून दोघं आली होती. गजाननला खोकं शोधायला पाठवून नलिनीबाई म्हणाल्या, "तिला इथं आणायची वेळ गेली. तिला तिथून आता उपटायची नाही मला. तिच्याकडे आपणच जायचं. भाऊजींच्या शेजारची खोली मिळतेय. तुम्ही पण चला."

"अगं, मुदत मधेच कशी सोडणार? वरून काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. इथं कुणी कुणाला काही म्हणत नाही."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतोच."

"कधी?"

तेवढ्यात गजानन खोकं घेऊन आला. त्यानं विचारलं, "साहेब, मोटारीचं काय मग? परवा भंगारवाला येऊन राहिला. मी त्याला उचल म्हणून सांगू?"

जयवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसाला महिनोन्महिने ठरवता आलं नव्हतं तो चटकन बोलला. "नको. घेतो मी." मग बायकोकडे वळून म्हणाले, "मोटार झाली की हिच्यातूनच येतो. रजनीला आवडेल."

नलिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जयवंतरावांकडे नाही. किती वर्षं, असं त्या विचारतील असं मला वाटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि खोक्याचं झाकण नीट बसतंय का ते बघू लागल्या.

अशी मी वाचले. आनंद झाला का? नाही. कुणाच्या तरी जागेवर आपल्याला बसवलंय, एवढं मात्र कळलं.

बैलजोडी लावून मला डोकमर्डीला ओढत नेलं. क्वार्टरमागे पत्र्याची शेड घातली. पिस्टन सुटावा म्हणून जयवंतरावांनी माझ्या पोटात रॉकेल ओतून ठेवलं आणि रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर हँडलला हात घालून बघायला लागले. रविवार-रविवार कुठलं, रोजचंच झालं. एक दिवस पिस्टन सुटला. मुंबईहून रेडिएटर आला. राखोलीच्या सुताराकडून सागाचं लाकूड करून घेतलं, सीटला नवं रेग्झिन, अंगाला काळा रंग. ठाकोरभाई अधूनमधून यायचे आणि मान हलवायचे, "साहेब, तुमचा हात बसला." तीन वर्षं कुठली, दोनच्या आत मी उभी राहिले. ज्याच्या घरी कुणी वाट बघत नाही, त्याचं काम लवकर होतं.

पहिल्यांदा एन्जिन सुरू झालं ती संध्याकाळ मला आठवते. आत कुठंतरी काहीतरी पेटलं आणि सगळ्या अंगभर गेलं. इतक्या वर्षांनी मला काहीतरी वाटलं, आणि नसतं वाटलं तर बरं झालं असतं. जयवंतरावांनी बॉनेटवर थाप मारली. शेजारपाजारचे लोक आले, टाळ्या झाल्या, कुणीतरी पेढे आणले. कुणीतरी सहज विचारलं, "आता काय, चिपळूण?"

"हो," ते म्हणाले. "थोडं काम राहिलंय. ते झालं की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राखोलीपर्यंत नेलं आणि परत आणलं. वाटेत कुठंही बंद पडले नाही. घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि चांगला चाललेला कार्बोरेटर खोलून ठेवला.

तेव्हापासून हेच चाललंय. कधी ब्रेक उघडतात, कधी दिवे. नीट असलेलं काढायचं, पुसायचं, लावायचं. चिपळूणहून पत्र येतं, जयवंतराव रात्री उत्तर लिहितात आणि मोठ्यानं वाचून बघतात, म्हणून मला कळतं. दर पत्रात मी असते. रेडिएटर गळतोय, असं मागच्या पत्रात होतं. माझा रेडिएटर गळत नाही.

मागच्या महिन्यात तर बदलीची ऑर्डर आली. मुंबई. जिच्यासाठी इतके जून गेले तीच ऑर्डर. गजानन पेढे मागायला आला, तर जयवंतराव म्हणाले, "मुदतवाढ मागितलीय. मोटारीचं थोडं राहिलंय." गजानन त्यांच्याकडे बघत राहिला. तो तोंडानं सैल माणूस, पण त्या दिवशी चपला घालून तसाच निघून गेला.

त्यांना भीती वाटते. घाटाची नाही, रस्त्याचीही नाही. तिथं पोचल्यावर ती पोर बाहेर येईल, वाकून नमस्कार करेल, आलेल्या पाहुण्याला पाणी आणून देईल, त्याची भीती वाटते. मी त्यांच्या हाताखाली असते, मला कळतं. इथं शेडमध्ये त्यांना काही वाटत नाही, तिथं वाटेल. शेडमध्ये मीही तशीच होते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण मी बरी झाले. मला कुणी विचारून बरं केलं नाही, तरी झाले.

म्हणून ही एवढी विनंती. तुमच्यापैकी कुणी डोकमर्डीच्या बाजूला गेलात, पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस एका काळ्या मोटारीखाली झोपून काहीतरी करताना दिसला, तर त्याला हाक मारा. मोटारीचं कौतुक करू नका. त्याला सांगा, जयवंतराव, मोटार झालीय. कधीचीच झालीय. मागची सीट रिकामी आहे, टाकी भरलेली आहे, आणि हिचं कसलंही काम राहिलेलं नाही.